सेंट मार्टिन: डच बाजू की फ्रेंच? तीन फेऱ्यांनंतरचं माझं मत

गेल्या दोन महिन्यांत न्यू जर्सीतल्या ओळखीच्या तीन घरांतून एकच विचारणा झाली. सुट्टीत कॅरिबियन समुद्रातल्या सेंट मार्टिन बेटावर जायचं ठरतंय, तर डच बाजूला राहावं की फ्रेंच? मी त्या बेटावर तीनदा राहिले आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत डच बाजूला, २०१९ च्या एप्रिलमध्ये फ्रेंच बाजूला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत पाच रात्री फ्रेंच, चार रात्री डच. प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. मुक्काम पाच रात्रींहून मोठा असेल, घरातलं कुणीतरी गाडी चालवणार असेल आणि बरोबर गुडघेदुखीनं बेजार झालेलं माणूस नसेल, तर फ्रेंच बाजूला राहा. तीन-चार रात्रींसाठीच जात असाल किंवा आई-वडील बरोबर असतील, तर डच बाजू. हेच मला २०१६ साली विचारलं असतं तर मी डोळे मिटून डच म्हटलं असतं. तेव्हा दोन्ही बाजू गजबजलेल्या होत्या आणि डच बाजूला सगळं हाताशी होतं. आता चित्र पार बदललंय. २०१७ च्या इर्मा चक्रीवादळाच्या आधीची वर्णनं वाचून किंवा तेव्हाचे फोटो पाहून कुणी बुकिंग करत असेल, तर त्याचा हात धरून थांबवावंसं वाटतं.

एक बेट, दोन घरं

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बेट जेमतेम ८७ चौरस किलोमीटरचं. उत्तरेकडचा मोठा वाटा फ्रान्सचा, मुख्य गाव मारिगो. दक्षिणेकडचा लहान वाटा नेदरलँड्सच्या राज्यातला, मुख्य गाव फिलिप्सबर्ग. १६४८ च्या काँकॉर्डियाच्या तहानं ही वाटणी झाली. मधे चौकी नाही, पासपोर्ट कुणी मागत नाही. रस्त्याकडेला स्वागताची पाटी दिसली की समजायचं, आपण पलीकडे आलो. २०२० साली कोविडच्या काळात फ्रेंच पोलिसांनी काही काळ रस्ते अडवले, तेव्हा बेटावरच्या लोकांनी त्याविरुद्ध निदर्शनं केली. साहजिकच आहे, कित्येकांचं घर एका बाजूला आणि नोकरी दुसऱ्या. पूर्व किनाऱ्यावरच्या ऑयस्टर पाँडपाशी सीमा नेमकी कुठून जाते हा जुना वाद होता, तोही २०२३ च्या करारानं मिटला.

या रेघेला एकेकाळी फार मोठा अर्थ होता, हे तिथं फिरताना मनात ठेवावं. १८४८ साली फ्रान्सनं गुलामगिरी रद्द केली, तेव्हा डच बाजूच्या डायमंड नावाच्या मळ्यावरचे गुलाम डोंगर ओलांडून फ्रेंच बाजूला पळाले. नेदरलँड्सचा कायदा यायला १८६३ साल उजाडलं. फिलिप्सबर्गच्या मागचं मोठं मिठागर याच माणसांच्या कष्टावर चाललं. आज तिथल्या एका चौकात मीठ गोळा करणाऱ्यांचे पुतळे आहेत. गाडीतून भर्रकन निघून न जाता दोन मिनिटं थांबा.

आता व्यवहाराचं. फ्रेंच बाजू युरोपीय संघात आहे, चलन युरो. डच बाजू २०१० पासून नेदरलँड्सच्या राज्यातला स्वायत्त देश आहे आणि युरोपीय संघात नाही. तिथं ३१ मार्च २०२५ पासून कॅरिबियन गिल्डर हे नवं चलन आलंय, एका डॉलरला १.७९ गिल्डर या ठरलेल्या दरानं. प्रत्यक्षात डॉलर दोन्हीकडे चालतो. फोनचे देश-क्रमांकसुद्धा वेगळे, म्हणजे मारिगोहून फिलिप्सबर्गला फोन लावला तर तो परदेशी कॉल ठरतो. तुमच्या फोनच्या प्लॅनमध्ये दोन्ही बाजू आहेत ना, ते निघण्याआधी बघा.

आणि वीज. हे मी जरा ठासून सांगते, कारण आपण मंडळी स्वयंपाकाचं सामान घेऊन प्रवास करतो. डच बाजूला अमेरिकेसारखी ११० व्होल्टची वीज आणि अमेरिकी पिना, फ्रेंच बाजूला २२० व्होल्ट आणि युरोपी पिना. २०१९ ला आम्ही वरणभातासाठी घरचा छोटा इलेक्ट्रिक कुकर नेला होता. पिनेला अडॅप्टर लावला, पण अडॅप्टरनं व्होल्ट बदलत नाहीत. बटण दाबल्यावर अर्ध्या मिनिटात जळका वास आला आणि कुकर गेला. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर दोन्हीवर चालतात. कुकर, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र मात्र घरीच ठेवा.

इर्मानंतर कोण कसं उभं राहिलं

६ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी इर्मा बेटावरून गेलं. पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ, ताशी सुमारे २९५ किलोमीटर वेगाचे वारे. दोन आठवड्यांत मारिया नावाचं दुसरं वादळ जवळून गेलं. बेटाला वादळं नवी नव्हती. १९९५ च्या लुईसनं उद्ध्वस्त केलेल्या मुलेट बेच्या मोठ्या रिसॉर्टचे सांगाडे मी २०१६ ला, वीस वर्षांनंतरही पाहिले होते. पण इर्मानं दोन्ही बाजूंचं जवळजवळ प्रत्येक छप्पर हलवलं.

आम्ही एप्रिल २०१९ ला गेलो, तेव्हा दीड वर्ष उलटून गेलं होतं. विमानतळ डच बाजूला आहे, प्रिन्सेस युलियाना. इमारतीची दुरुस्ती व्हायची होती आणि तात्पुरत्या सोयीवर काम चाललेलं. तिथून फ्रेंच बाजूला निघालो की डाव्या-उजव्या हाताला सिम्पसन बेचं लगून दिसत राहतं. समुद्राला अरुंद तोंडांनी जोडलेलं मोठं खारं तळं, वादळात बोटी आसऱ्याला आणतात ते. त्या आसऱ्यातच बोटी बुडाल्या होत्या. पाण्याबाहेर नुसत्या डोलकाठ्या, काही सरळ, काही तिरक्या, एकीवर पेलिकन बसलेला. गाडीत आम्ही चौघं होतो आणि पूल येईपर्यंत कुणी बोललं नाही.

२०२५ ला तोच रस्ता पुन्हा गेलो. विमानतळाची नवी इमारत पूर्ण झालीय, थंडगार आणि ऐसपैस. बाहेर पडल्यावर दिसल्या त्या क्रेन. माहो, कुपेकॉय, इंडिगो बे, जिथं पाहावं तिथं सदनिकांच्या इमारती चढताहेत. २०१६ ला मी माहोच्या ज्या वळणावरून समुद्र पाहिला होता, तिथून आता बाल्कन्या दिसतात. नेदरलँड्सनं पुनर्बांधणीसाठी ५५ कोटी युरोपर्यंतचा निधी देऊ केला होता आणि त्यातला मोठा भाग जागतिक बँकेमार्फत खर्च होतोय. शिवाय खासगी बिल्डरांचा पैसा आहेच. डच बाजू उठून उभी राहिली, हे खरं. पण उभी राहताना तिनं आपली उंची वाढवली आणि रस्ते तेवढेच राहिले. सिम्पसन बेचा उघडता पूल दिवसातून काही वेळा बोटींसाठी उचलतात. त्या वेळी तुम्ही चुकून तिथं असाल तर अर्धा तास सहज जातो. २०१३ च्या अखेरीस लगूनवर झालेल्या दुसऱ्या पुलानं थोडी सोय झाली, पण संध्याकाळी कोल बेच्या चढावर गाड्यांची रांग असतेच. विमान पकडायचं असेल तर फ्रेंच बाजूहून दीड तास हाताशी ठेवून निघा, अंतर कितीही थोडं दिसो.

फ्रेंच बाजूचं तसं नाही. ती अर्धी भरून आली आहे आणि अर्धी अजून उघडी आहे. कारणं समजून घेतली तर त्या भग्न इमारतींकडे पाहण्याची नजर बदलते. १९८६ च्या एका फ्रेंच कायद्यानं सागरापारच्या प्रदेशांत बांधकामाला करसवलत दिली होती. तेव्हा मुख्य भूमीवरच्या गुंतवणूकदारांनी इथं हॉटेलं आणि सदनिका भराभर बांधल्या. एका इमारतीला अनेक मालक, सगळे लांब. वादळानंतर विम्याचे पैसे, मालकांची सहमती, दुरुस्तीचा खर्च, सगळं अडकलं. त्यात सरकारनं किनाऱ्यालगतच्या धोक्याच्या पट्ट्यात बांधायला निर्बंध आणणारा आराखडा पुढे केला. पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहणाऱ्यांना तो आपल्या घरावरचा घाला वाटला. २०१९ च्या डिसेंबरात त्यावरून रस्ते अडवले गेले. मला दोन्ही बाजू पटतात. समुद्राला खेटून पुन्हा तेच घर बांधणं धोक्याचं आहे, आणि ज्याचं घर तेवढंच आहे त्याला दुसरी जागा न देता ‘इथं बांधू नका’ म्हणणं हाही अन्यायच.

नेटले बेच्या पट्ट्यावर २०१९ ला मी एक जिना पाहिला होता. घर नव्हतंच, नुसता जिना, आठ-दहा पायऱ्या चढून हवेत संपणारा. २०२५ ला तो तसाच उभा. फक्त कोरालिता नावाची गुलाबी फुलांची वेल कठड्यावरून वरच्या पायरीपर्यंत चढली होती आणि एक बकरी ती पानं खात होती. शेजारची इमारत मात्र रंगवून उघडली होती, बाल्कनीत टॉवेल वाळत होते. फ्रेंच बाजू आज अशी आहे, एक दार उघडं आणि शेजारचं बंद. तुम्हाला किंवा बरोबरच्या कुणाला असं दृश्य पाहून उदास वाटत असेल, तर डच बाजूला राहा. सुट्टी मोलाची असते. मला मात्र तिथली शांतता, मोकळं आकाश आणि दोन मजल्यांवर न जाणाऱ्या इमारती जास्त भावल्या.

खाणं, आणि शाकाहारींचं काय

इथं मी फ्रेंच बाजूला झुकते हे लपवत नाही.

उत्तरेकडचं ग्रँड केस हे एका रस्त्याचं गाव. समुद्राला समांतर एक गल्ली आणि दोन्ही अंगांना खाणावळी. वादळात समुद्राकडच्या कित्येक गेल्या, काही परत उघडल्या, काही जागा रिकाम्या आहेत. मेणबत्ती आणि वाइनवाल्या महागड्या रेस्टॉरंटांबद्दल इतरांनी पुष्कळ सांगितलं असेल. मी ‘लोलो’बद्दल सांगते. लोलो म्हणजे उघड्यावरची शेगडी, वर पत्रा, खाली लाकडी बाकं. कोळशावर कोंबडी, बरगड्या, मासे भाजतात, सोबत कडधान्य घातलेला भात, तळलेली केळी आणि जॉनी केक.

जॉनी केक बनताना मी एका बाईंच्या शेगडीपाशी उभी राहून पाहिला. मैद्याचा मऊसर गोळा, त्यात थोडं लोणी, चवीपुरती साखर. तळहातावर थापून मधे अंगठ्यानं हलकं दाबायचं आणि तेलात सोडायचं. वर येऊन फुगला की उलटायचा. बाहेरून खुसखुशीत, आत लुसलुशीत. गोडवा आपल्या घारग्यांइतकाही नाही, पण पहिला घास घेतल्यावर मला आजीच्या हातचे घारगेच आठवले. त्या बाईंना मी आणखी दोन मागितले, तर त्यांनी कढईतले ताजे निघेपर्यंत थांबायला लावलं, थंड झालेले दिले नाहीत.

शाकाहारी असाल तर लोलोवर भात, केळी, कोबीची कोशिंबीर, मक्याचं कणीस आणि जॉनी केक एवढ्यावर जेवण होतं. भातात मांसाचा रस्सा घातलाय का ते आधी विचारा, काही ठिकाणी घालतात. कॅलालू नावाची भाजी-सूप मिळते ती बहुधा अळूच्याच जातीच्या पानांची असते. आपल्याला फदफद्याची आठवण होते, पण तिच्यातही खारवलेलं मांस किंवा खेकडा असू शकतो. सकाळचा प्रश्न फ्रेंच बाजूला सुटलेलाच असतो. साडेसहाला बेकरी उघडते, गरम पाव, क्रोसाँ, चीज, फळं. आत शिरताना आधी ‘बोंझूर’ म्हणायचं, मग मागायचं. हे न करणाऱ्याला तिथं उद्धट समजतात. इंग्रजी दोन्ही बाजूंना चालतं, तरी हा एक शब्द विसरू नका.

डच बाजूला जेवणाची विविधता जास्त आणि आपल्यासारख्यांची सोयही जास्त. सिम्पसन बेच्या पट्ट्यात पिझ्झा, चिनी, भारतीय, सगळं मिळतं. फिलिप्सबर्गच्या फ्रंट स्ट्रीटवरची दागिन्यांची आणि कॅमेऱ्यांची पुष्कळ दुकानं भारतीयांची आहेत, बहुतेक सिंधी कुटुंबांची. २०२५ ला एका दुकानात मी नवऱ्याशी मराठीत भावाबद्दल कुजबुजले आणि काउंटरपलीकडचे काका हसून म्हणाले, “ताई, अजून थोडं कमी करतो.” ते उल्हासनगरला वाढलेले. त्यांनी इर्माच्या वेळी दुकानात शिरलेलं पाणी आणि नंतरची लूटमार सांगितली. आताची गिऱ्हाइकं वस्तू हातात घेऊन फोनवर किंमत ताडून पाहतात आणि ठेवून देतात, हेही सांगितलं. तूरडाळ कुठं मिळेल ते त्यांनीच दाखवलं, मागच्या बॅक स्ट्रीटवर. पुढचे चार दिवस आमचं एक वेळचं जेवण त्या डाळीवर निघालं.

बिलाबाबत एक फरक. फ्रेंच बाजूला सेवाशुल्क किमतीतच धरलेलं असतं, वर थोडे सुटे ठेवले तरी पुष्कळ. डच बाजूला अनेक ठिकाणी बिलातच सेवाशुल्क लावून देतात. ते न पाहता वर टीप दिली तर दोनदा दिल्यासारखं होतं. फ्रेंच बाजूच्या काही खाणावळी रोख पैसे दिले तर युरोचा आकडा डॉलरमध्ये जसाच्या तसा घेतात. बसण्याआधी विचारून घ्या.

समुद्र

पूर्वेकडचा समुद्र आणि पश्चिमेकडचा समुद्र, ही वाटणी देशांच्या वाटणीहून महत्त्वाची झाली आहे. कारण सरगॅसम. तपकिरी रंगाचं हे तरंगतं शेवाळ २०११ पासून अटलांटिकमधून लाटालाटांनी कॅरिबियनमध्ये येतं. किनाऱ्याला लागलं की कुजतं आणि सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. पूर्वेला तोंड असलेले किनारे त्याच्या वाटेत येतात. फ्रेंच बाजूचे ऑरिएंट, ले गॅलियाँ, कुल-द-साक आणि डच बाजूचे डॉन बीच, गुआना बे हे सगळे पूर्वेचे. २०१६ ला मला याची जाणीवसुद्धा नव्हती. २०२५ ला फेब्रुवारीत ऑरिएंट स्वच्छ होता, पण तिथल्या खुर्च्या भाड्यानं देणाऱ्या मुलानं सांगितलं, उन्हाळ्यात काही आठवडे ट्रॅक्टर लावून उपसावं लागतं. पूर्वेकडचं घर घेणार असाल तर एप्रिल ते ऑगस्टमध्ये जाऊ नका, किंवा जाण्याच्या आठवड्यात ताजे फोटो मागवा. डोकं दुखेपर्यंत वास येतो, हे मी २०१९ ला कुल-द-साकच्या धक्क्यावर अनुभवलंय.

पश्चिमेला फ्रेंच बाजूचे बे रूज आणि बे लाँग, डच बाजूचा मुलेट बे. हे स्वच्छ राहतात आणि सूर्यास्त इथूनच दिसतो. मुलेट बेचं पाणी सुंदर, पण काही दिवस काठावरची लाट जोरात आपटते. लहान मुलांना हात धरूनच न्या. मुलांसाठी सगळ्यात चांगला ले गॅलियाँ. प्रवाळाच्या आडामुळे पाणी तळ्यासारखं शांत आणि गुडघाभर. शेवाळ नसेल त्या दिवशी सकाळीच गाठा. पिनेल हे छोटं बेट कुल-द-साकहून बोटीनं पाच मिनिटांवर, तेही मुलांना झेपतं.

ऑरिएंटबद्दल विचारणाऱ्यांना खरी शंका वेगळीच असते, ती स्पष्टच बोलते. दक्षिण टोकाला कपड्यांशिवाय राहणाऱ्यांचं एक मोठं रिसॉर्ट होतं, ते इर्मात गेलं. फ्रेंच किनाऱ्यांवर बायका अंगावरचा वरचा कपडा काढून ऊन घेतात, ते आजही चालतं. सासू-सासरे बरोबर असतील तर आधीच घरात बोलून ठेवा, म्हणजे तिथं कुणाला अवघडल्यासारखं होणार नाही. २०१६ ला ऑरिएंटवर छत्र्यांच्या रांगांतून वाट काढावी लागायची. आता बांधकाम कमी, छत्र्या कमी, वाळू जास्त. मला तो आताचा ऑरिएंट आवडला.

माहोचा किनारा सगळ्यांना पाहायचाच असतो, धावपट्टीच्या टोकाला असलेला. २०१६ ला मी केएलएम या डच विमान कंपनीचं जंबो जेट डोक्यावरून उतरताना पाहिलं, पोटात गोळा आला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर त्यांनी जंबो या मार्गावरून काढलं. मोठी विमानं अजून येतात, पॅरिसहून एअर फ्रान्सचं येतं. एक दुपार पुरे. आणि कुंपणाला धरून उड्डाणाचा झोत अंगावर घेण्याचा प्रकार करू नका. २०१७ च्या जुलैत न्यूझीलंडच्या एका बाईंचा त्यात जीव गेला. धोक्याच्या पाट्या लावलेल्या आहेत, तरी मी तरुण मुलांना तिथं लटकताना पाहिलंय आणि प्रत्येक वेळी जीव खालीवर झाला.

कोणी कुठं राहावं

आई-वडील बरोबर असतील तर सिम्पसन बे किंवा फिलिप्सबर्ग. लिफ्ट असलेली इमारत मिळते, औषधाचं दुकान चालत जाण्याजोगं असतं, केय हिलचं हॉस्पिटल जवळ. फिलिप्सबर्गला ग्रेट बेच्या काठानं सपाट पादचारी मार्ग आणि बाकं आहेत. माझ्या सासूबाई रोज सकाळी तिथं दोन फेऱ्या मारायच्या. फक्त क्रूझच्या दिवशी जपून. डिसेंबर ते एप्रिल जहाजांचा हंगाम, आणि एकाच दिवशी चार-पाच जहाजं लागली तर दहा ते चार या वेळात फ्रंट स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नसते. संध्याकाळी जहाजं गेली की तोच रस्ता आपला.

कॅसिनो, रात्रीचं नाचगाणं हवं असेल तरी डच बाजूच. कॅसिनो फ्रेंच बाजूला नाहीतच.

जोडप्यांनी, किंवा मुलं दहा-बारा वर्षांची असतील त्या कुटुंबांनी फ्रेंच बाजूला ग्रँड केस किंवा ऑरिएंटची खाडी बघावी. गाडी लागतेच. टॅक्सीला मीटर नसतं, ठरलेले दर असतात आणि दोन-चार फेऱ्यांत गाडीच्या भाड्याइतके पैसे जातात. गाड्या अमेरिकेसारख्या उजव्या बाजूनं चालतात. एकट्या पडलेल्या किनाऱ्यावर गाडी लावताना आत काहीही ठेवू नका, पिशवीसुद्धा नाही. हे दोन्ही बाजूंना लागू.

मारिगोत राहण्याबद्दल मात्र मी साशंक आहे. शनिवार-बुधवारचा बाजार, फोर्ट लुई किल्ल्यावर चढून दिसणारं बंदर, शेजारच्या अँग्विला बेटाची वीस-पंचवीस मिनिटांची बोट, या सगळ्यासाठी एक पूर्ण दिवस द्या. पण २०१६ ला रात्री नऊला जो धक्का गजबजलेला होता, तो २०२५ ला सातलाच सामसूम झाला होता. बंद शटरांच्या ओळीसमोरून पायी परतताना माझी पावलं आपोआप भरभर पडली. मुक्कामाला नको.

सणाचं वेळापत्रकही पाहा. फ्रेंच बाजूचा कार्निव्हल फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाच्या आधी. डच बाजूचा एप्रिलअखेरीस. मार्चच्या सुरुवातीला शिडाच्या बोटींची मोठी शर्यत असते, तेव्हा सिम्पसन बेत खोल्या महागतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर वादळांचा ऐन काळ. सप्टेंबरात फ्रेंच बाजूच्या बऱ्याच खाणावळी बंदच असतात, स्वस्त तिकीट दिसलं तरी मोहात पडू नका.

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की करून घ्यावी. फ्रेंच बाजू शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपी देशांच्या गटात, येत नाही, त्यामुळे हातात शेंगेन व्हिसा आहे एवढ्यावर विसंबू नका. सीमेवर कुणी विचारत नसलं तरी नियम दोन्हीकडचे वेगळे आहेत. फ्रेंच आणि डच, दोन्ही दूतावासांच्या संकेतस्थळांवर आपल्या व्हिसाचा प्रकार घालून तपासा, आणि आई-वडील भारतातून येऊन तुमच्याबरोबर निघणार असतील तर त्यांचं वेगळं तपासा.

बुकिंगचे पैसे भरण्याआधी घरमालकाला किंवा हॉटेलला मी आता फोन करून चार प्रश्न विचारते. जनरेटर आहे का? २०२४ च्या उन्हाळ्यात डच बाजूला ठरवून वीज घालवावी लागत होती, तेव्हा ज्यांच्याकडे जनरेटर नव्हता त्यांचे हाल झाले. पाण्याची टाकी केवढी? बेटावर पिण्याचं पाणी समुद्राचं खारेपण काढूनच मिळतं. शेजारच्या जागेवर बांधकाम चालू आहे का, आणि सकाळी किती वाजता सुरू होतं? डच बाजूला हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा, आमच्या चार रात्रींतल्या तीन सकाळी सातच्या ठोक्याला ड्रिल सुरू झालं. आणि फ्रेंच बाजूला घर घेत असाल तर चौथा प्रश्न, बाल्कनीतून समोर काय दिसतं? आजचा फोटो काढून पाठवायला सांगा. ज्यांचं घर चांगलं आहे ते पाच मिनिटांत पाठवतात. ग्रँड केसच्या आमच्या घरमालकीणबाईंनी फोटोबरोबर अंगणातल्या चिंचेच्या झाडाचाही पाठवला होता, खाली टेबल मांडलेलं. पाचही दिवस आम्ही तिथंच बसून जेवलो.